फॅक्स मोडेम घ्यावा की इंटरनेट फॅक्स?

देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा व्यापाऱ्यांना हा प्रश्न पडतो, कारण परदेशातले काही ग्राहक अजून फॅक्सच मागतात.

खर्च: यूएसबी मोडेम, म्हणजे संगणकाला जोडून फोनच्या लाइनवरून फॅक्स पाठवणारं यंत्र, एकदाच विकत घ्यायचा, पुढे फक्त फोनचं बिल. ईमेलमधून फॅक्सची देवघेव करणाऱ्या इंटरनेट सेवेला दरमहा भाडं, वर पानांची मर्यादा.

भरवसा: खरा फरक इथे आहे. मोडेमला तांब्याची लँडलाइन लागते. फायबरवरच्या फोनमध्ये आवाज छोट्या-छोट्या तुकड्यांत, म्हणजे डेटाच्या पाकिटांत, तुटून जातो. एखादं पाकीट हरवलं की फॅक्स अर्ध्यात तुटतो. अशा वेळी मोडेमचा वेग सेकंदाला १४,४०० बिट्सवरून ९,६०० वर आणून पाहावा, बरेचदा काम होतं. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की फोनची वायर काढाच, मोडेम त्याच वाटेने जळतो. नुसता विजेचा प्लग काढून भागत नाही.

फॅक्स घेणं: मोडेमसाठी संगणक सतत चालू हवा आणि ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ या विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप उत्तर देण्याची सोय लावलेली हवी. वीज गेली की फॅक्स हुकला. इंटरनेट सेवेत तो पीडीएफ होऊन ईमेलमध्ये थांबतो. मात्र तुमची कागदपत्रं तिऱ्हाइताच्या सर्व्हरवरून जातात.

तांब्याची लाइन शाबूत असेल, कागद गोपनीय असतील आणि मुख्यतः पाठवायचंच असेल, तर मोडेम घ्या. फायबर असेल किंवा रात्री-अपरात्री फॅक्स येत असतील, तर इंटरनेट सेवाच.