रेशन कधी उठवायचं? पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन, १९४८ ते १९५५

पश्चिम जर्मनीने घाव एकदाच घातला. २० जून १९४८ ला, रविवारी, नवा मार्क, म्हणजे नवं चलन, आला. माणशी ४० मार्क लगेच, २० नंतर. पगार आणि भाडी एकास एक दराने बदलली, पण बचतीच्या जुन्या १०० मार्कांचे हाती पडले जेमतेम साडेसहा. तिथल्या आर्थिक प्रशासनाचे प्रमुख लुडविग एरहार्ड यांनी बऱ्याच वस्तूंवरचं भावनियंत्रणही काढलं. सोमवारी दुकानांच्या काचेमागे भांडी, बूट दिसू लागले. माल गोदामांत होताच, जुन्या नोटांवर कुणी तो विकत नव्हतं, इतकंच. मग भाव चढले, बेकारी वाढली आणि नोव्हेंबरात सार्वत्रिक संप झाला. सगळ्यात वाईट ही गोष्ट, की घर, यंत्रं किंवा साठा असलेला तरला आणि पासबुकावर विसंबलेला बुडाला. भरपाईचा कायदा थेट १९५२ मध्ये आला.

ब्रिटनने दोर हळूहळू सोडला. युद्धातही मोकळा असलेला पाव १९४६ मध्ये रेशनवर गेला, तो दोन वर्षं. साखर सप्टेंबर १९५३ मध्ये सुटली, मांस ४ जुलै १९५४ ला. आणि मार्शल मदत, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेली मदत, मात्र ब्रिटनला जर्मनीच्या दुपटीहून जास्त!

वेगात जर्मनी सरस, यात शंका नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये फोक्सवॅगनची दहा लाखावी बीटल मोटार बाहेर पडली, डिसेंबरात इटलीतून कामगार आणण्याचा करार झाला. पण गरिबाच्या ताटाचा विचार केला तर मी ब्रिटनची बाजू घेईन: तिथे दूध-लोणी वाट्याने मिळत होतं, ऐपतीने नाही.