स्कारबरोतलं स्वस्त घर आणि गेलेले 4600 डॉलर

टोरंटोला नव्याने येणाऱ्या आणि ऑगस्टमध्ये भाड्याचं घर शोधणाऱ्या कुटुंबांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. 2024 च्या ऑगस्टमध्ये आमचे 4600 डॉलर गेले. तेव्हाच्या दराने साधारण दोन लाख ऐंशी हजार रुपये. परत मिळालेले नाहीत, मिळतील असं वाटतही नाही.

ऑगस्टच का, ते आधी सांगते. इथे शाळा लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सुरू होते आणि सरकारी शाळा कुठली मिळणार ते राहत्या पत्त्यावरून ठरतं. कायमचा पत्ता नसेल तर आज एका शाळेत नाव घालायचं आणि महिन्याभराने पोराला तिथून काढून दुसरीकडे न्यायचं. आमचा मुलगा चौथीत जायचा होता. त्यामुळे जुलैअखेर आलेली आमच्यासारखी घरं-दारं मागे टाकलेली सगळी मंडळी एकाच तारखेच्या मागे धावत असतात: 1 सप्टेंबर. हे फसवणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक असतं.

दुसरी अडचण कागदांची. बरा घरमालक नोकरीचं पत्र मागतो, पगाराच्या स्लिपा मागतो, क्रेडिट रिपोर्ट मागतो, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर मागतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पुण्यातली नोकरी, फेडून संपवलेलं गृहकर्ज, उत्तम सिबिल, याला इथे काडीची किंमत नाही. दोन बेडरूमच्या बऱ्या फ्लॅटचं भाडं आम्हाला सगळीकडे 2700-2800 सांगत होते, आणि तेवढं द्यायची तयारी दाखवली तरी कागदांपाशी घोडं पेंड खात होतं.

मग एरियांचा काथ्याकूट. टोरंटोशेजारच्या ब्रॅम्प्टन शहरात बेसमेंट स्वस्त, पण नवऱ्याच्या मुलाखती टोरंटोच्या डाउनटाउनमध्ये आणि गाडी घ्यावी तर तिथला गाडीचा विमा ऐकूनच गार व्हायला होतं, कारण इथे विमा पोस्टल कोडवर ठरतो. मिसिसागा या दुसऱ्या शेजारच्या शहरात कुक्सव्हिलच्या जुन्या इमारती बघितल्या, त्यांनी कागद मागितले. स्कारबरोबद्दल, म्हणजे टोरंटोच्या पूर्व भागाबद्दल, सगळ्यांनी चांगलं सांगितलं: आपल्याकडची किराणा दुकानं, बस भरपूर, भाडं त्यातल्या त्यात कमी. आणि तिथलीच ती जाहिरात दिसली. मिडलंड अॅव्हेन्यूजवळ घराचा वरचा मजला, दोन बेडरूम, 2050 डॉलर, "नवीन आलेल्यांचं स्वागत, क्रेडिटची गरज नाही, सबवे चालत पाच मिनिटं, शाळा कोपऱ्यावर".

परदेशात बसलेला घरमालक, घर न दाखवता पैसे मागणारा, त्या प्रकाराबद्दल आम्ही ऐकून होतो. म्हणून घर आत जाऊन बघितल्याशिवाय एक डॉलर द्यायचा नाही, हे आमचं ठरलेलं होतं. आणि या जाहिरातवाल्याने, स्वतःला एजंट म्हणवणाऱ्याने, घर दाखवलं! स्वतः गाडी घेऊन आम्ही राहत होतो तिथे न्यायला आला. दाराच्या कुलपावर आकडे दाबले, दार उघडलं, गीझरपासून कपडे धुण्याच्या मशीनपर्यंत सगळं चालू करून दाखवलं. हिंदीत बोलायचा. "भाभीजी, टेन्शन मत लो, हम भी ऐसे ही आये थे," हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की मला तो आमचा दूरचा दीरच वाटायला लागला.

येताना त्याने मुद्दाम गाडी हळू करून स्टेशन दाखवलं. मिडलंडवर रस्त्याच्या वरून रूळ जात होते, त्यावर स्टेशन. मी मनात प्रवासाचा हिशेबही करून टाकला. ते स्टेशन बंद होतं. तात्पुरतं नाही, कायमचं. ती स्कारबरोची तीन नंबरची लाइन 24 जुलै 2023 ला डबा घसरल्यापासून पुन्हा सुरूच झाली नाही. तिच्या जागी बस धावतात. रूळ होते, स्टेशन होतं, गाडी नव्हती. टीटीसीच्या (टोरंटोची बस-मेट्रो चालवणारी संस्था) चालू नकाशावर ती लाइन नव्हतीच, पण गाडीच्या काचेतून डोळ्यांना दिसणारं स्टेशन नकाशात शोधायला कोण जातं?

आता पैशांचं. त्याने पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं मागितलं, वर 500 डॉलर "डॅमेज डिपॉझिट". पहिलं-शेवटचं इथे रूढ आहे. पण डॅमेज डिपॉझिट ऑंटारिओत, म्हणजे टोरंटो ज्या प्रांतात आहे तिथे, बेकायदेशीर आहे. 2006 च्या भाडेकरू कायद्याप्रमाणे घरमालकाला डिपॉझिट म्हणून जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं घेता येतं आणि ते शेवटच्या महिन्याच्या भाड्यातच वळतं करावं लागतं. चावीचं डिपॉझिट घेता येतं, तेही चावीच्या किमतीइतकं आणि परत करण्याच्या बोलीवर. पुण्या-मुंबईत दोन-चार महिन्यांचं डिपॉझिट भरून आलेल्या आपल्यासारख्यांना 500 डॉलर म्हणजे उलट दया केल्यासारखी वाटते.

पैसे ई-ट्रान्स्फरने, म्हणजे आपल्या बँकेतून समोरच्याच्या ईमेलवर किंवा फोन नंबरवर पाठवायचे. बँकेची रोजची मर्यादा असल्यामुळे दोन दिवसांत, दोन हप्त्यांत. समोरच्याने ऑटोडिपॉझिट चालू ठेवलेलं असेल तर प्रश्न-उत्तर काही नाही, पैसे थेट खात्यात आणि मग रद्द करता येत नाहीत. एक गोष्ट मात्र दिसते: पाठवण्याआधी स्क्रीनवर ज्याचं खातं त्याचं नाव येतं. आमच्या स्क्रीनवर वेगळंच नाव आलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं, "वो हमारे अकाउंटंट हैं." तुमच्या स्क्रीनवर असं परकं नाव आलं तर तिथेच थांबा. अकाउंटंट, मेहुणा, पार्टनर, कोणीही असो.

करारनामा दिला, सह्या झाल्या. ऑंटारिओत घरभाड्यासाठी 30 एप्रिल 2018 पासून सरकारने ठरवून दिलेलाच फॉर्म वापरावा लागतो, तो सरकारी साइटवर फुकट मिळतो. आमचा करार दोन पानी होता, घरमालकाचं नाव होतं, पत्ता नव्हता. एजंट म्हणून त्याने सांगितलेलं नाव आम्ही एजंटांच्या सरकारमान्य परिषदेच्या, म्हणजे रेकोच्या यादीत तपासलं होतं आणि ते सापडलंही. अर्थात, खऱ्या एजंटचंच नाव त्याने उचललं होतं. त्या यादीत एजंट कुठल्या ब्रोकरेजमध्ये (एजंटांच्या कंपनीत) आहे तेही असतं. त्याने दिलेल्या नंबरवर नाही, तर त्या ब्रोकरेजच्या ऑफिसात फोन करून माणूस मागायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

1 सप्टेंबरला रविवार होता. सामानासकट पोचलो, दिलेला कोड दाबला, दार उघडेना. फुटपाथवर आमच्या आधीच एक फिलिपिनो कुटुंब बॅगांवर बसलेलं. त्यांच्याकडेही तोच करार, तीच सही, तारीखही तीच. थोड्या वेळाने केरळची एक जोडी टेम्पोसारखी गाडी भाड्याने घेऊन, गाद्यांसकट आली. घराचं दार शेवटी आतून उघडलं. आत पाहुणे होते, सुट्टीपुरते राहायला आलेले. ते घर थोड्या-थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्याने दिलं जायचं आणि आमच्या त्या "दिराने" ते काही दिवस घेऊन, तेवढ्यात जमेल तितक्या लोकांना दाखवलं होतं. पाहुणा बदलला की दाराचा कोड बदलतो.

रविवार आणि सोमवारी लेबर डे, बँकेच्या शाखा बंद. पण बँकेची फसवणुकीसाठीची फोन लाइन सुट्टीतही चालू असते, तिथे आधी फोन करा. आमच्या बँकेने तक्रार लिहून घेतली आणि पुढे कळवलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, भरपाई नाही. पोलिसांच्या साध्या नंबरवर, 416-808-2222, तक्रार दिली. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला, 1-888-495-8501, वेगळी नोंद केली. ते पैसे मिळवून देत नाहीत, पण एकाच खात्यावर चार तक्रारी जमल्या तर त्याचा उपयोग होतो, म्हणून आम्ही तिन्ही कुटुंबांनी वेगवेगळी नोंदवली.

पैशांपेक्षा मला अजून घोर आहे तो कागदांचा. "फॉर्मसाठी" म्हणून त्याने पासपोर्टच्या प्रती आणि दोघांचे सिन नंबर (नोकरी-करासाठीचा सरकारी ओळख क्रमांक) घेतले होते. घर भाड्याने घ्यायला सिन नंबर द्यावाच लागतो असं अजिबात नाही. तो दिला गेला असेल तर इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या दोन्ही कंपन्यांकडे खात्यावर फसवणुकीचा इशारा लावून घ्या, एका ठिकाणी लावून भागत नाही.

शेवटी नवीन आलेल्यांना मदत करणाऱ्या सेटलमेंट केंद्रातल्या बाईंनी मार्ग काढला. ही केंद्रं सरकारी पैशावर चालतात, सेवा फुकट आणि आम्ही आल्या आल्या तिथे जायला हवं होतं असं म्हणून आता काय होणार. थॉर्नक्लिफ पार्कमध्ये साठच्या दशकातल्या उंच इमारती आहेत, भाड्यासाठीच बांधलेल्या. तळमजल्यावर ऑफिस, पाटी, माणूस बसलेला. हमीदार आणि बँकेतली शिल्लक दाखवून घर मिळालं. लिफ्ट जुनी आहे, झुरळं आहेत, भाडं आम्ही ठरवलं होतं त्याहून जास्त. पण 15 नोव्हेंबर 2018 च्या आधीपासून लोक राहत असलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू असते, त्यानंतरच्या नव्या घरांना नसते. स्वस्त दिसणारा नवा बेसमेंट किंवा काँडो (एकेका मालकाचा फ्लॅट) भाड्याने घेताना हे विचारा.

एरिया निवडताना दुसऱ्याच्या गाडीतून बघू नका. सकाळी सातला बसने जा, संध्याकाळी बसनेच परत या. 26 फेब्रुवारी 2024 पासून टीटीसी, गो (आसपासच्या शहरांना जोडणाऱ्या रेल्वे आणि बस), ब्रॅम्प्टन आणि मिसिसागाच्या बसमध्ये बदलताना दुसरं तिकीट पडत नाही, त्यामुळे लांबचा एरियाही हिशेबात बसतो. शाळा बोर्डाच्या साइटवर घराचा पत्ता टाकून बघा, "कोपऱ्यावरची शाळा" बऱ्याचदा तुमची शाळा नसते. आणि जो घरमालक तुम्हाला काहीच विचारत नाही, कागद नको, क्रेडिट नको, नोकरी नको म्हणतो, त्याला तुम्ही विचारा: घराच्या नोंदणीवर नाव कुणाचं? ऑनलँड या ऑंटारिओच्या जमीन-नोंदणीच्या साइटवर थोडी फी भरून ते पाहता येतं.

त्याच फोटोंची जाहिरात नोव्हेंबरात पुन्हा दिसली, या वेळी एरिया ब्रॅम्प्टन आणि भाडं 1950. आम्ही तक्रार केल्यावर उतरली. फोटोत स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिंबांनी भरलेला काचेचा बाउल आणि मागे निळी किटली दिसली, तर ते घर तेच आहे.