मॉलमधला गाळा की मेन रोडवरचं दुकान? मोबाईल-लॅपटॉपचं दुकान काढणाऱ्यांसाठी

मोबाईल-लॅपटॉपचं दुकान काढायचं म्हटलं की माल कुठून उचलायचा, कोणते ब्रँड ठेवायचे, फर्निचर कसं करायचं यावर लोक महिनोन्महिने डोकं लावतात आणि जागा मात्र दोन-तीन गाळे बघून एका रविवारी पक्की करून टाकतात. मी दोन्हीकडे धंदा केलाय. आधी तीन वर्षं मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावर, नंतर मेन रोडला तळमजल्यावर, आणि तिथे आता सहावं वर्ष चालू आहे. भाडं, डिपॉझिट, लॉक-इन (म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी गाळा सोडता न येण्याची अट), मेंटेनन्स याचा हिशोब एजंट तुम्हाला समजावून सांगेलच, त्यात मी शिरत नाही. एजंट जे सांगत नाही ते सांगतो.

आधी मॉलबद्दल चांगलं सांगतो कारण चांगलं खरंच आहे. धूळ नाही, पाऊस नाही, एसीमुळे माणूस निवांत असतो, आणि निवांत माणूस डेमोचा फोन हातात घेऊन वीस-वीस मिनिटं उभा राहतो, कॅमेरा बघतो, बायकोला बोलावून दाखवतो. रस्त्यावरच्या दुकानात असं निवांत गिऱ्हाईक कमी, तिथे येणाऱ्याची गाडी बाहेर आडवीतिडवी लावलेली असते आणि त्याचं अर्धं लक्ष गाडीकडे. शनिवार-रविवारचा फूटफॉल, म्हणजे येणाऱ्या लोकांचा आकडा, तर विचारूच नका. कव्हर, चार्जर, इअरफोन, स्क्रीनगार्ड असला हातोहात जाणारा माल मॉलमध्ये मला जास्त जायचा, आजही तसा जात नाही हे कबूल करतो.

पण मॉलची गर्दी ही मॉलची असते, तुमची नसते. हे मला उशिरा कळलं. मोठ्या कंपन्यांचं बघून आपल्याला वाटतं की त्यांनी मॉल घेतला म्हणजे मॉलच बरोबर. ॲपलने आपली पहिली दोन दुकानं 19 मे 2001 ला उघडली ती दोन्ही मॉलमध्येच, एक व्हर्जिनियात टायसन्स कॉर्नरला आणि दुसरं कॅलिफोर्नियात ग्लेन्डेल गॅलरियात. त्यामागचा विचार मला फार पटतो. तेव्हा बहुतेक लोक विंडोजवाले, त्यांना मॅक, म्हणजे ॲपलचा कॉम्प्युटर, घ्यायचाच नव्हता, मग मॅक बघायला ते मुद्दाम गाडी काढून लांब कशाला जातील, पण रोजच्या येण्याजाण्यात दुकान दारात आलं तर दोन पावलं आत टाकतील. गेटवे नावाची कॉम्प्युटर कंपनी त्याच काळात याच्या बरोबर उलट गेली होती, त्यांची दुकानं जिथे मुद्दाम गाडी काढून जावं लागेल अशा जागी, आणि 2004 मध्ये उरलेली 188 दुकानं त्यांनी बंद केली. बंद पडायला इतरही कारणं होती, सगळा दोष जागेचा म्हणता येणार नाही, पण जागेचा वाटा होताच असं मला वाटतं.

मग ॲपल मॉलमध्येच थांबलं का? नाही. 2002 ला न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत गेलं, 2004 ला लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर, 2006 ला न्यूयॉर्कच्याच फिफ्थ अव्हेन्यूवर काचेचा चौकोनी ठोकळा उभा केला. ते दुकान खरं तर जमिनीखाली आहे, आपल्याकडे बेसमेंटचा गाळा म्हटलं की एजंट पण नाक मुरडतो, पण त्यांनी वर रस्त्यावर दिसेल असं दार केलं आणि चोवीस तास उघडं ठेवलं. मॉलमध्ये चोवीस तास उघडं ठेवायची सोय कुठून मिळणार? मॉलची वेळ ती तुमची वेळ.

मायक्रोसॉफ्टचं उदाहरण पण डोळ्यासमोर ठेवा. 2009 पासून त्यांनी दुकानं काढली, बरीचशी मॉलमध्ये आणि त्यातली पुष्कळ ॲपलच्या दुकानाच्या आसपास, कधी कधी अगदी समोर. 2020 च्या जूनमध्ये सगळी विक्रीची दुकानं कायमची बंद करतोय म्हणून जाहीर केलं. तो काळ साथीचा होता, विक्री ऑनलाईन गेली होती, ते सगळं खरं, तरी मी त्यातून एवढं घेतलं की गर्दीच्या शेजारी उभं राहिलं म्हणून गर्दी आपली होत नाही. आणि एक फरक विसरू नका, ॲपलसारखं नाव आलं की मॉलला गिऱ्हाईक वाढतं म्हणून मॉलवाले त्यांना सांभाळून घेतात. तुम्हाआम्हाला मॉल सांभाळून घेत नाही, तुम्हाआम्हाला मॉलला सांभाळून घ्यावं लागतं.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी मॉल सोडला ती सांगतो. नेटवर्क.

हसू नका. मोबाईल विकायचं दुकान आणि आत मोबाईलला रेंज नाही. माझा गाळा इमारतीच्या मधोमध, तिन्ही बाजूंना भिंती, वरखाली जाड स्लॅब, आणि बाहेरच्या काचांना उन्हाची तिरीप अडवणारं कोटिंग, ते कोटिंग उन्हाबरोबर सिग्नल पण अडवतं. गाळा घेताना मी माझा फोन बघितला, दोन दांड्या होत्या, बस्स म्हटलं. पण नवीन फोन विकणं म्हणजे डबा हातात देणं नसतं हो. सिम टाका, अकाउंट उघडा, जुन्या फोनमधला डेटा आणा, मेसेजिंग ॲप चालू करा, बँकेचं ॲप चालू करा, आणि या प्रत्येक पायरीला एक ओटीपी. तो ओटीपी माझ्या काउंटरवर यायचाच नाही.

एक आजी आठवतात. साठी-पासष्टीच्या, एकट्याच आलेल्या, मुलगा बाहेरगावी. फोन पसंत केला, पैसे दिले, म्हणाल्या, "दादा, सगळं चालू करून द्या, मला घरी जाऊन काही जमायचं नाही." मी म्हटलं, "काळजी करू नका आजी, दहा मिनिटांत देतो." सिम नवीन फोनमध्ये टाकलं, नंबर घातला, मेसेज येईना. मी फोन घेऊन सरकत्या जिन्याजवळच्या काचेच्या कठड्याशी गेलो, तिथे रेंज यायची, मेसेज आला, तोवर कोडची वेळ संपली. परत मागवला, परत कठडा. मग आजीच म्हणाल्या मी जाते, आणि त्या हातात नवा फोन वर धरून कठड्याशी उभ्या, मी दुकानातून हात करून विचारतोय आला का, त्या मान हलवतायत नाही म्हणून, मध्ये लोकांची ये-जा. चार-पाच वेळा झाल्यावर ॲपने सांगितलं की आता काही तासांनी प्रयत्न करा. आजी काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली, "असू दे, तुमचा काय दोष" म्हणाल्या आणि गेल्या. मला ते फार लागलं, कारण मी शब्द दिला होता.

उपाय केले नाहीत असं नाही. स्वतःचं ब्रॉडबँड घेतलं, इंटरनेट सुटलं पण मेसेज नाही सुटला. वाय-फाय कॉलिंगवर, म्हणजे रेंजऐवजी वाय-फायवरून, काहींचं काम व्हायचं पण ते त्या सिमवर आधी चालू असावं लागतं, नव्या फोनवर नेमकं तेच करायचं बाकी असतं. मॉलच्या वाय-फायला लॉगिन करायचं तर त्यालाही ओटीपी. मॅनेजमेंटला अर्ज दिले, उत्तर आलं की एका कंपनीचे अँटेना आतमध्ये बसवलेत, बाकीच्या कंपन्यांशी बोलणी चालू आहेत. माझं लॉक-इन संपलं तरी बोलणी चालूच होती. स्वतः सिग्नल वाढवणारा बूस्टर लावायला परवानगी लागते, सरसकट कुठलाही आणून लावता येत नाही, तसल्या बूस्टरने आसपासच्या लोकांचं नेटवर्क बिघडतं त्यामुळे त्या वाटेला मी गेलो नाही.

सगळेच मॉल असे असतात असं मी म्हणणार नाही. नव्या इमारतींमध्ये सगळ्या कंपन्यांची सोय आधीपासून करतात, तळमजल्याला दाराजवळचा गाळा असेल तर हा त्रास बहुधा येणारही नाही. माझा अनुभव माझ्या गाळ्यापुरता.

रस्त्यावर आलो तर पहिल्याच दिवशी ओटीपी काउंटरवर आले. बाकी रस्त्याचे त्रास भरपूर आहेत, लपवत नाही. धूळ एवढी की डेमोचे लॅपटॉप दिवसातून तीनदा पुसावे लागतात. माझ्या दुकानाचं तोंड पश्चिमेला, दुपारी तीननंतर ऊन थेट शोकेसमध्ये, पहिल्या उन्हाळ्यात डेमोचे फोन इतके तापले की स्क्रीन आपोआप मंद व्हायची आणि गिऱ्हाईक विचारायचं की हा फोन असाच अंधुक आहे का. शेवटी काचेला फिल्म लावली आणि टेबल चार फूट आत घेतलं, आणि हो, फिल्म लावल्यावर आधी रेंज तपासून घेतली. रस्त्याचं काम निघालं की दोन-दोन महिने समोर खड्डा. पार्किंगची बोंब कायमची.

तरी रस्त्यावर एक गोष्ट आहे ती मॉलमध्ये मला कधी मिळाली नाही. फोन पडून स्क्रीन फुटलेला माणूस सकाळी नऊला येतो, ऑफिसला जाता जाता फोन टाकतो, संध्याकाळी घेऊन जातो. मॉलचं शटर अकराला वर, त्याच माणसाला आधी पार्किंग, मग तपासणी, मग दोन मजले, आणि हे सगळं जाताना एकदा आणि घ्यायला येताना एकदा. रिपेअरिंगचं माझं काम मॉलमध्ये नावाला होतं, इथे दुकान त्याच्यावर उभं आहे, आणि रिपेअरला आलेलाच माणूस वर्षा-दीड वर्षाने नवा फोन घ्यायला येतो. मोजून नाही सांगत, रोज बघतोय त्यावरून सांगतो.

रस्ता निवडलात तर रस्त्याची बाजूही निवडा. घरी परतणाऱ्यांच्या बाजूला दुकान असेल तर लोक थांबतात, कामाला जाणाऱ्यांच्या बाजूला असेल तर सकाळी घाईत पुढे निघून जातात आणि संध्याकाळी रस्ता ओलांडून येत नाहीत. माझं परतीच्या बाजूला आहे, सकाळचे रिपेअरवाले तेवढे ओलांडून येतात कारण त्यांची गरज असते. दारात तीनच पायऱ्या असल्या तरी वयस्कर माणसं बाहेरूनच विचारतात, म्हणून जमेल तर रॅम्प करा. आणि जागा कुठल्या हद्दीत येते हेही विचारून घ्या, लायसन्स आणि टॅक्स त्यावर ठरतो. ॲपलने 2019 मध्ये टेक्सासमधली प्लेनो आणि फ्रिस्कोची दोन दुकानं बंद करून थोड्या अंतरावर डॅलसला नवीन उघडलं, बहुतेकांनी अर्थ हाच लावला की पेटंटचे खटले ज्या कोर्टाच्या हद्दीत जास्त चालतात तिथे कंपनीचं दुकानच नको.

मला विचाराल तर नुसत्या ॲक्सेसरीज विकायच्या असतील तर मॉलमधला छोटा किऑस्क वाईट नाही, कदाचित चांगलाच. फोन, लॅपटॉप आणि सोबत सर्व्हिस असं पूर्ण दुकान करायचं असेल तर मी रस्त्याकडे झुकेन. तुमचं शहर, तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल, शेवटी निर्णय तुमचा.

फक्त टोकन द्यायच्या आधी एक करा, मॉल असो की रस्ता. वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार सिम घ्या, शनिवारी संध्याकाळी गर्दीच्या वेळी जा, गाळ्याच्या अगदी मागच्या भिंतीला टेकून उभे राहा, काउंटर जिथे येणार तिथे. दांड्या बघू नका. घरच्यांना फोन करून सांगा की सगळ्या नंबरवर मेसेज टाका, आणि किती मिनिटांनी येतात ते घड्याळ लावून बघा.