लोवेलच्या गिरणी कामगारणींचे कागद: सात महिने वाचल्यावर

माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. म्हणून अमेरिकेतल्या लोवेलच्या कापड गिरण्यांचे जुने कागद टॅबवर उतरवून घेतले. वाटलं, चार रात्रींत वाचून होतील. सात महिने झाले, अजून रोज रात्री तासभर तेच वाचतेय. यात दोन गोष्टी आहेत: 1845 साली सुरू झालेल्या ‘व्हॉइस ऑफ इंडस्ट्री’ या कामगार साप्ताहिकाचे स्कॅन केलेले अंक आणि लोवेल ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीचा त्याच वर्षीचा अहवाल.

सुरुवात अहवालापासून करा. रोज दहाच तास काम असावं, या कामगारांच्या अर्जावर कामगारणींनी स्वतः साक्षी दिल्या. एलायझा हेमिंगवे सांगते, उन्हाळ्यात पहाटे पाचला काम सुरू, संध्याकाळी सातला सुटका. मध्ये न्याहारीला अर्धा तास, जेवणाला पाऊण तास. हिवाळ्यात तिच्या खात्यात 293 लहान आणि 61 मोठे दिवे जळत, आणि त्याच हवेत दीडशेक माणसं श्वास घेत. मी तिथेच थांबले. वडील घरी आले की केसांत कापसाचा तूस असायचा, आई तो रोज झटकायची. पण खात्यातले दिवे मोजून सरकारपुढे आकडा ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

समितीने मात्र हा उपाय आपल्या हातात नाही म्हणून हात झटकले. अध्यक्ष विल्यम शाऊलर, लोवेलच्याच एका वर्तमानपत्राचे मालक. बायकांना मताचा अधिकार नव्हता, तरी लोवेलच्याच गिरणीतली कामगारपुढारी सारा बॅग्ली, तिच्या बायकांच्या संघटनेने शाऊलरविरुद्ध रान उठवलं आणि त्याच वर्षी ते निवडणूक हरले. हे वाचून मी रात्री साडेबाराला बहिणीला फोन केला.

साप्ताहिक वाचायला जड आहे. अक्षर मुंगीएवढं, काही पानं पुसट, शब्द शोधायला गेलं तर निम्म्या वेळा सापडत नाही. पहिला महिना डोळे दुखले. फोनवर तर वाचूच नका.

एक गोष्ट खटकते. या बायका स्वतःला गुलाम म्हणवतात, पण त्यांच्या साच्यांवर येणारा कापूस दक्षिणेतले खरेखुरे गुलाम वेचत होते. त्यांची बाजू इथे पुरेशी मिळत नाही, ती शेजारी ठेवून वाचावी लागते. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका मी आता पुन्हा काढून वाचली.

मॅसॅच्युसेट्समध्ये बायकांसाठी आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा आला तो 1874 साली, अर्जानंतर 29 वर्षांनी. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्याने 1847 मध्येच केला होता, पण त्यात अशी पळवाट होती की कामगाराकडून करारावर सही घेतली की काम जास्त तास करवता येई.

सध्या 1846 चे अंक चालू आहेत. त्याच वर्षी सारा बॅग्ली लोवेलच्या तार कचेरीत कामाला लागली.