ॐ मणि पद्मे हुम्: पाच-सहा महिने रोज म्हटल्यावर

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा चालू केलं, आता चतुर्थी होऊन दिवाळी आली, म्हटलं लिहूया. शांत-बिंत काही झालेले नाही हां, इथे गोव्यात पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये अजून तोंड सुटतं. पण श्वासात फरक पडलाय, तो मात्र खरा.

मी करते काय, आसनं झाली की शवासनाच्या आधी मांडी घालून बसते आणि एका उच्छ्वासात एकदा मंत्र, सावकाश, मग श्वास आत घेताना गप्प. हुम् चा म ओठ मिटून श्वास संपेपर्यंत ओढला की नाकाच्या मुळाशी गुणगुण जाणवते, सुरुवातीला जाणवत नाही कारण आपण घाईत असतो. माळ १०८ ची आहे पण पूर्ण क्वचितच होते, तेवढ्यात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजतो आणि उठावं लागतं.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक पेपर आला होता, त्यात २३ धडधाकट लोकांना हाच मंत्र आणि लॅटिनमधली आव्हे मारिया ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावली, तर दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण ६ वर आला, एरवी आपला १२ ते २० असतो. हे वाचलं आणि शेजारच्या आंटीचा तेर्स, म्हणजे माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना, आठवला, रोज संध्याकाळी ती अर्धं म्हणते आणि बाकीचे पुढचं उचलतात, म्हणजे तिला मध्ये आयताच श्वास घ्यायला वेळ मिळतो.

सासूबाई म्हणाल्या, बौद्धांचा मंत्र आपल्याला कशाला? म्हटलं, आई, आपल्या गोव्यातच कोलवाळला मुशीरला बुद्धाची मूर्ती सापडलेली, तो काय इथे परका आहे? आणि करुणा तर पतंजलींनीही सांगितलीय, सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं ३३ वं सूत्र.

खरी परीक्षा तिथेच होते. मंत्र अवलोकितेश्वराचा, म्हणजे बौद्धांच्या करुणेच्या बोधिसत्त्वाचा, म्हणून जप झाल्यावर मी एकेक माणूस डोळ्यांसमोर आणते. मुलं, आईबाबा, इथपर्यंत सोपं असतं. मग आमच्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवरून, भांडणारे काका आले की दात आवळले जातात आणि हुम् अर्धाच बाहेर पडतो, ऑगस्टभर हेच चाललं होतं. वाद अजून आहे तिथेच आहे, ते एक हात जागा सोडत नाहीत आणि आम्हीपण नाही, पण परवा बोलताना माझा आवाज चढला नाही, नवऱ्यानेच सांगितलं.

यूट्यूबवरचे ट्रॅक बहुतेक बेकार, तबला-बिबला घालून एवढे फास्ट की श्वासाचा पत्ता नाही. किनाऱ्याकडच्या एका क्लासलाही जाऊन बघितलं, फी टुरिस्टांची आणि मंत्र नुसता स्पीकरवर, म्हणत कोणीच नाही, त्यापेक्षा घरी फुकट बरं. घसा बसला की मनातल्या मनात म्हणते पण मग दोन मिनिटांत डोकं नाश्त्याला काय करायचं यावर जातं, म्हणून सर्दीच्या दिवसांत सरळ सुट्टी घेते.