ब्रुक आणि ओवेन : एकाच युद्धाचे दोन कवी

पहिल्या महायुद्धाची इंग्रजी कविता वाचू पाहणाऱ्यापुढे बहुधा दोन नावे येतात : रूपर्ट ब्रुक आणि विल्फ्रेड ओवेन. ब्रुकच्या ‘द सोल्जर’ या 1914 च्या सुनीतात मरणारा सैनिक परक्या मातीचा एक कोपरा कायमचा इंग्लंडचा करून जातो. त्याची शब्दकळा निर्मळ आहे. पण तिथे रक्त नाही, चिखल नाही, शत्रूही नाही. याचा दोष सर्वस्वी कवीला देणे अन्यायाचे ठरेल, कारण खंदकांतील दीर्घ संहार त्याने पाहिलाच नव्हता. तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणभूमीच्या वाटेवर असताना, एप्रिल 1915 मध्ये, जंतुसंसर्गाने तो वयाच्या 27 व्या वर्षी वारला.

ओवेन खंदकांतून परतून लिहितो. देशासाठी मरणे गोड आणि उचित असते, या प्राचीन रोमन कवी होरेसच्या लॅटिन वचनाला तो जुने असत्य म्हणतो, आणि तेही विषारी वायूने गुदमरलेल्या सोबत्याच्या फुप्फुसांतून उसळणारे रक्त आपल्याला पाहायला लावल्यानंतरच. म्हणून मला ओवेनच अधिक विश्वासार्ह वाटतो. युद्धविरामाला जेमतेम सात दिवस उरले असताना, 4 नोव्हेंबर 1918 रोजी, फ्रान्समधील एका कालव्याच्या काठी तो 25 व्या वर्षी मारला गेला. पुढे 1920 मध्ये त्याच्या आईने रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून कळवले की, शेवटचा निरोप घेताना मुलाने त्यांच्याच ओळी म्हटल्या होत्या.