साडेतीनशेची बुलेट की सव्वाशेची स्कूटर: पायाला मुंग्या येणाऱ्यांसाठी

पन्नाशी उलटली, साखर दहा-बारा वर्षांपासून मागे लागलेली, आणि दारात बुलेट उभी. घरचे म्हणतात, विका. आपलं मन होत नाही. या पेचात मी दोन वर्षं काढली. आज ५८ वर्षांचा आहे आणि गेल्या दीड वर्षापासून दोन्ही गाड्या माझ्या एकाच ओट्यासमोर आहेत: साडेतीनशेची बुलेट आणि सव्वाशे सीसीची गिअर नसलेली स्कूटर. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूर-यावल या रोजच्या रस्त्यावर दोन्ही चालवल्या, खिरोद्यावरून पालच्या घाटात दोन्ही नेल्या. ॲव्हरेज, किंमत, ताकद हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात वेळ घालवत नाही.

आधी लायसन्सचं उरकतो, कारण तिथं दोन्ही गाड्या सारख्याच. पंचावन्न ओलांडली की लायसन्स दर वेळी ५ वर्षांसाठीच मिळतं, आणि चाळिशीनंतर नमुना १-अ वर डॉक्टरांची सही लागते. शिवाय नमुना १ मध्ये आपणच लिहून द्यायचं असतं: फिट येते का, अचानक चक्कर येते का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट प्रत्येक डोळ्यानं वाचता येते का. पुष्कळ जण न वाचताच खुणा करून मोकळे होतात. मी गल्लीत २५ मीटर पावलांनी मोजले आणि पुतण्याची गाडी उभी करून एकेक डोळा झाकून पाहिलं. उजव्या डोळ्याला आठ आणि तीन सारखेच दिसले. मोतीबिंदू निघाला, काढून घेतला. तरी समोरून एलईडी दिव्याचा ट्रक आला की अजून डोळ्यापुढं पांढरं होतं. म्हणून अंधार पडल्यावर मी दोन्हीपैकी कुठलीच गाडी काढत नाही.

साखर उतरण्याचंही तसंच. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, साखर मोजायच्या मीटरवर ९०च्या खाली आकडा असेल तर किल्लीला हात लावायचा नाही, आधी खायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढं जातो. साखर उतरल्याची पहिली खूण घाम, आणि त्या उन्हात घाम तर सगळ्यांनाच येतो. म्हणजे खूण हातची गेलीच. त्यामुळे एप्रिल ते जून मी घाम धरतच नाही. ओठ बधिर वाटले किंवा समोरच्या पाटीवरचं गाव दोनदा वाचावं लागलं, की गाडी सावलीत उभी करतो. गिअर असो नसो, हे पाळावंच लागतं.

माझ्यापुरता फरक पडला तो पायात.

सुरुवात डॉक्टरांकडे झाली नाही, गॅरेजमध्ये झाली. मागच्या ब्रेकचे लायनर बदलून चार महिने होत नाहीत तोच पुन्हा गेले. मेकॅनिक पोरगा मला लहानपणापासून ओळखतो. ड्रम उघडून त्यानं मला दाखवला, आत जळल्यासारखा काळा. म्हणाला, "काका, तुमचा पाय ब्रेकवरून उठतच नाही वाटते." मी त्याला खात्रीनं सांगितलं की तसं काही नाही. घरी येताना मुद्दाम खाली पाहिलं, तर उजवा पाय खरोखरच पॅडलवर टेकलेला होता. मला कळत नव्हता.

मग तपासणी. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या धाग्यासारखं काहीतरी तळव्याला टेकवत गेले. टेकलं की हो म्हणायचं. मी नेमानं हो म्हणत होतो. डोळे उघडल्यावर ते म्हणाले, अंगठा आणि चवड्यावर मी पाच वेळा टेकवलं, तुम्ही एकदाच बोललात. साखरेनं तळव्याचा स्पर्श कमी केला होता. लायसन्सच्या नमुन्यात हातापायाच्या ताकदीचं विचारतात, स्पर्शाचं विचारत नाहीत. ताकद माझी भरपूर आहे. बुलेट आजही एका दमात डबल स्टँडवर घेतो.

तरीही मी विकायला तयार नव्हतो. ब्रेकवरचा पाय लक्ष ठेवून उचलता येतो, तेवढं जमलंही. जमलं नाही ते न्यूट्रल, म्हणजे थांबताना गाडी गिअरमधून बाहेर काढणं. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांना ही तक्रार फार किरकोळ वाटेल, पण निर्णय झाला तो यावरच. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मधली ती अर्धी टिचकी डोळ्यांना दिसत नाही, कानालाही नीट ऐकू येत नाही, ती चवड्याला कळते. माझ्या चवड्याला कळेनाशी झाली. मग दर वेळी मान खाली घालून न्यूट्रलचा हिरवा दिवा शोधायचा. दुपारच्या उन्हात तो दिवा लागलाय की विझलाय हे हातानं सावली केल्याशिवाय समजत नाही. म्हणजे डावा हात क्लचवर, उजवा हात दिव्यावर आणि नजर खाली. फैजपूरच्या बाजारात, पुढं केळीची ट्रॉली आणि मागं एसटी असताना असं दिवसातून वीस वेळा करायचं. गाडीत दोष काहीच नव्हता. पुतण्या तिच्यावर बसला की पायाचा हलका झटका देऊन न्यूट्रल काढायचा.

एका आठवडी बाजाराच्या दिवशी दिवा दिसल्यासारखा वाटला म्हणून क्लच सोडला. गाडी पहिल्यात होती. हातभर उडी मारून पुढच्या हातगाडीला लागली आणि बंद पडली. पाच-सहा पपया फुटल्या, बाकी काही नाही. पण हातगाडीच्या दांडीला धरून एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. टायर आणि तिचा पाय यात वीतभर अंतर राहिलं. मी पैसे दिले, माफी मागितली आणि गाडी ढकलत चौकाच्या बाहेर नेली. त्या संध्याकाळी स्कूटर पाहायला गेलो.

१९९४ साली मी पहिली बुलेट घेतली, वापरलेली, कास्ट आयर्न इंजिनची; जुन्या माणसांना ती गाडी आठवत असेल. गिअर उजव्या पायात आणि त्याच्याजवळच न्यूट्रलची वेगळी छोटी दांडी. दुसरा असो, तिसरा असो की चौथा, टाच दाबली की सरळ न्यूट्रल. चवड्याचं काम टाच करायची. ती दांडी आजच्या गाडीत असती तर कदाचित मी आणखी दोन-तीन वर्षं काढली असती.

स्कूटरवर हा प्रश्नच नाही. दोन्ही ब्रेक हातात, आणि माझे हात अजून चांगले आहेत. डावा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा धरतो. पाय सपाट फळीवर, बूट घातलेले. बुलेटवर एकदा पालहून आलो, तेव्हा रात्री मंडळींनी विचारलं, "पायाले काय झालं?" घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फोड होता. गरम लोखंडाला पाय लागून राहिला आणि मला पत्ताच नाही. तो भरायला दीड महिना गेला. साखरेच्या माणसाला पायाची जखम म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

स्कूटरचे दोषही सांगतो, नाहीतर तुमची फसगत होईल. चाक लहान आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचा जो खड्डा बुलेट गिळून टाकायची, तो इथं थेट कमरेत बसतो. मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. घाट उतरताना इंजिनाचा आधार फारसा मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर; पालहून उतरताना मी मध्ये एकदा थांबतो आणि ब्रेक निवू देतो. मांड्यांमध्ये टाकी नसते, त्यामुळे पहिले काही महिने खुर्चीवर बसून रस्त्यानं चाललोय असं वाटलं. आणि तो आवाज नाही. पहाटे केळीच्या बागांमधून जाताना बुलेटचा ठोका बांधावरून परत ऐकू यायचा. त्याला तोड नाही, आणि असेल असं मी कुणाला सांगणारही नाही.

थांबताना पाय दोन्ही गाड्यांवर टेकावाच लागतो, आणि खडीवर पाय नीट बसला की नाही हे मला आता पाहूनच कळतं. पण स्कूटर कलली तर सावरता येते. दोनशे किलोच्या आसपासची गाडी एकदा कलली की सावरण्याच्या भानगडीत पडू नये, बाजूला व्हावं.

अमळनेरच्या माझ्या साडूनं मधला मार्ग काढला. त्यांना स्टेंट आहे, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, वजन उचलायला मनाई. त्यांनी बुलेट देऊन गिअरची सव्वाशेची हलकी मोटारसायकल घेतली आणि ते सुखी आहेत. पाय ठणठणीत असतील आणि अडचण फक्त वजनाची असेल, तर तुम्हालाही तीच बरी पडेल असं मला वाटतं. तिचं चाकही मोठं आहे. माझा पाय त्यांच्यासारखा असता तर मीही तीच घेतली असती.

ठरवण्याआधी घरात एक करून पाहा. स्टुलावर बसा, डोळे मिटा आणि घरातल्या कुणालाही तुमच्या डाव्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी अलगद धरून वर किंवा खाली हलवायला सांगा. वर की खाली, तुम्ही सांगायचं. दहादा करा. दहाही वेळा बरोबर आलं तर बुलेट विकायची घाई नको. चुका व्हायला लागल्या तर गाडीच्या आधी डॉक्टर गाठा. माझे दहापैकी सहा बरोबर आले होते.